अडुसष्ट लिटर आणि सात मासे

सोमवारी सकाळी आक्काचा फोन आला तेव्हा मी खुर्चीत बसलेलो होतो. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण त्यानंतर शनिवारपर्यंत मी बसलो असा बसलोच नाही.

"धाकट्या, तुझ्याकडे ती काचेची टाकी आहे ना? निरोपसमारंभात मिळालेली?"

"आहे."

"तिच्यात किती मासे मावतील?"

"बघून सांगतो."

"अंदाजपंचे सांगू नकोस. नीट मोजून सांग. तू सांगशील तेवढे तुझ्याकडे, उरलेले दुकानात. रविवारी टेम्पो येतोय."

आणि फोन बंद. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे आणि 'ठेवते हं' असं म्हणून फोन ठेवायची पद्धत निघाली त्याच्या आधीची आहे.

टाकी होती हे खरं. मी लिफ्ट तपासनीस म्हणून एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो, तेव्हा खात्यातल्या मंडळींनी मला अ‍ॅक्वेरियम द्यायचं ठरवलं. एकाकडे टाकी आणायचं काम होतं, दुसऱ्याकडे मासे. पहिल्याने टाकी आणली. दुसरा रजेवर होता. त्यामुळे दोन वर्षं आमच्या दिवाणखान्यात त्या टाकीत कांदे-बटाटे राहत होते, आणि पाहुणे आले की ही त्यांच्यावर टॉवेल टाकायची.

आक्काकडचे मासे भावोजींचे. गोल्डफिश, एकूण सात. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीतच भावोजींनी चार फुटांची टाकी चिणून घेतली होती, म्हणजे या बाजूने मासे दिसायचे आणि पलीकडून आक्का. सगळ्यांत मोठ्या माशाचं नाव त्यांनी चेअरमन ठेवलं होतं. कारण तोंड सतत उघडं, आवाज मात्र नाही. भावोजी स्वतः त्या इमारतीचे सेक्रेटरी होते, तेव्हा त्यांना अनुभव होता. गेल्या वर्षी भावोजी गेले. आक्काचे गुडघे त्याच्या आधीपासूनच जायला लागले होते. घर चौथ्या मजल्यावर. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. लेक म्हणाली, आई, माझ्याकडे ये, तळमजला आहे, पण मासे नकोत. भिंतीतली टाकी भिंतीसकट नव्या भाडेकरूला जाणार होती, आणि तो तिच्यात पुस्तकं ठेवणार होता.

इमारतीला लिफ्ट नाही असं नाही. आहे. पण आक्काला लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं होतं, असं ती सांगते. मीही तिच्याकडे जातो तो जिन्यानेच. हृदयाला चांगलं असतं, असं मी सांगतो.

असो. प्रश्न माशांचा होता आणि माझ्यासारख्याला तो काही अवघड वाटला नाही. किती मावतात हे ठरवण्याचाच मी जन्मभर पगार खाल्ला होता. लिफ्टच्या हिशेबात माणूस म्हणजे अडुसष्ट किलो. सहा माणसं म्हणजे चारशे आठ. त्यातला एखादा नव्वदचा निघाला तर दुसरा कोणी शेहेचाळीसचा असेलच, अशी आमच्या खात्याची श्रद्धा होती.

मी टेप काढली, बटाटे खाली उतरवले आणि टाकी मोजली. लांबी साठ सेंटिमीटर, रुंदी तीस, उंची अडतीस. गुणाकार केला. अडुसष्ट हजार चारशे घन सेंटिमीटर. म्हणजे अडुसष्ट लिटर. म्हणजे पाण्याचं वजन अडुसष्ट किलो!

"अगं, ऐकलंस का?" मी स्वयंपाकघरात धावलो. "टाकीत बरोबर एक माणूस मावतो."

"कोणता?" ही म्हणाली.

मी कागदाकडे परत आलो. दीडशे ग्रॅमचा एक मासा धरला तर चारशे छप्पन्न मासे निघत होते. सात म्हणजे काहीच नाही. फोन उचलला, ठेवला. एवढी मोठी संख्या बघून मला जरा चुकल्यासारखं झालं. चारशे छप्पन्न मासे असलेल्या टाकीत पाणी कुठे असेल, असा प्रश्न मनात आला आणि मी दिवाणखान्यात फेऱ्या घालायला लागलो.

"चपला तरी काढा," ही म्हणाली. "चालायचंच असेल तर पाय धुऊन चाला."

मंगळवारी अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात गेलो. दुकानदार हा चाळिशीचा, बारीक आवाजाचा, आणि आजूबाजूला सदान्‌कदा बुडबुडे चालू असल्यामुळे कुणाचंच पहिलं वाक्य न ऐकणारा माणूस. मी माझा कागद त्याच्यापुढे ठेवला. तो त्याने दोनदा वाचला.

"साहेब, मासे उभे राहत नाहीत."

"म्हणजे?"

"तुम्ही वजन धरलंय. वजन नाही धरत. लांबी धरतात. दोन लिटरला एक सेंटिमीटर मासा."

"शेपटीसकट?"

"शेपूट सोडून."

एवढा साधा नियम होता तर! मी निघणार तेवढ्यात कोपऱ्यातल्या टाकीकडे लक्ष गेलं. आत दोन हात लांबीचा एक काळा, मिशाळ मासा होता. तो काही करत नव्हता. नुसता तळाला पडून दुकानाकडे बघत होता. जेवायला वेळ आहे हे माहीत असलेला माणूस बघतो तसा.

"बरं, जास्तीचे गोल्डफिश तुम्ही घेता का?" मी विचारलं.

"घेतो की."

"मग ते विकता?"

दुकानदाराने कोपऱ्याकडे हनुवटी केली. "मोठे गोल्डफिश कोण घेतो साहेब? हा आहे म्हणून बरं आहे."

घरी येताना बस मिळत होती तरी मी चालत आलो. आक्काने 'उरलेले दुकानात' हे किती सहज म्हटलं होतं! दुकान म्हणजे तिच्या डोळ्यांपुढे काचा, दिवे आणि हौशी माणसं असणार. मिशा नसणार.

तिला फोन करून म्हटलं, "आक्का, माशांची लांबी हवी आहे."

"कशाला? त्यांना कपडे शिवतोयस?"

"अगं, लांबीवर हिशेब असतो. शेपूट सोडून माप घे."

"ते थांबत नाहीत रे."

"काचेला टेप लावून ठेव आणि समोर आला की बघ."

दोन तासांनी तिचा फोन आला. आवाज उत्साहाचा होता. भावोजी गेल्यापासून तिला असं काम कोणी दिलं नव्हतं. "लिहून घे. चेअरमन सतरा. तांबू पंधरा. जुळे चौदा-चौदा. ठिपकी बारा. फुगी अकरा, पण ती पोट आत घेत नाही. आणि धाकटा दहा."

"धाकटा कोण?"

"सगळ्यांत लहान आहे तो. सारखा काचेजवळ वरखाली करतो. ह्यांनी तुझ्यावरून नाव ठेवलंय."

बेरीज त्र्याण्णव सेंटिमीटर. म्हणजे एकशे शहाऐंशी लिटर पाणी. माझ्याकडे अडुसष्ट. चौतीस सेंटिमीटर मासा. मी बुधवारभर त्या चौतीस सेंटिमीटरांत कोणाकोणाला बसवता येईल याच्या याद्या केल्या. चेअरमन आणि तांबू: बत्तीस, बाकी पाच मिशाळाला. ठिपकी, फुगी आणि धाकटा: तेहतीस, बाकी चार मिशाळाला. संख्येने बघितलं तर दुसरी यादी चांगली. मानाने बघितलं तर पहिली. लिफ्टमध्ये हा प्रश्न येत नाही. तिथे जो शेवटी चढला तो उतरतो, आणि उतरणाऱ्याला कोणी खात नाही.

प्रत्येक यादी केली की मी उठून टाकीपर्यंत जाऊन यायचो. टाकी तेवढीच असायची.

"काच आतून मोजली का?" ही वाटाणे सोलता सोलता म्हणाली.

"म्हणजे?"

"काही नाही. डबा घेताना मी आतून बघते. बाहेरून सगळेच मोठे दिसतात."

एकतीस वर्षांच्या तांत्रिक अनुभवानंतर ही चूक माझ्याकडून झाली होती हे मी इथे निमूटपणे मान्य करतो. काच सहा मिलिमीटर, सगळीकडून. तळाला खडे, चार सेंटिमीटर. वरून चार सेंटिमीटर मोकळं सोडायचं, नाहीतर मासा बाहेर उडी मारतो. परत गुणाकार. राहिलं पन्नास लिटर. अठरा लिटर काचेत, खड्यांत आणि माझ्या हुशारीत गेलं. पन्नास लिटर म्हणजे पंचवीस सेंटिमीटर मासा.

गुरुवारी परत दुकानात. दुकानदाराने मला बघून स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही.

"पंचवीस सेंटिमीटर," मी म्हटलं. "एक जुळा आणि धाकटा. चोवीस होतात."

"आजची लांबी धरलीत का?"

"मग कधीची धरू?"

"पूर्ण वाढीची. धाकटा काही धाकटा राहत नाही साहेब. आणि तो दोन लिटरचा नियम छोट्या माशांचा. गोल्डफिशला त्याच्या दुप्पट धरा. हा प्राणी दिवसभर खातो आणि दिवसभर..." त्याने सभ्यपणे बुडबुड्यांकडे पाहिलं. "पाणी खराब करतो."

"मग किती?"

"एक."

"एक?"

"तोही लगेच नाही. टाकी कोरी आहे ना तुमची? कोऱ्या पाण्यात घाण पचवणारे जंतू नसतात. ते यायला महिना लागतो. आज विचाराल तर आज शून्य. पण जुन्या टाकीतला फिल्टरचा स्पंज तसाच ओला आणलात तर जंतू त्याच्याबरोबर येतात. मग एक राहील. आरामात."

चार दिवसांत मी चारशे छप्पन्नावरून एकावर आलो होतो. खात्यात एवढी मोठी घसरण झाली असती तर चौकशी बसली असती.

घरी आल्यावर मी हिला सगळं समजावून सांगितलं: जागा, लांबी, जंतू, स्पंज. ती वाटाण्यांची सालं गोळा करत होती.

"म्हणजे घरात माणसं किती झोपतील हा प्रश्नच नाही," ती म्हणाली. "संडास किती आहेत, हा आहे."

आमच्या खात्याच्या नियमावलीत ही गोष्ट सांगायला अकरा पानं लागली असती.

"मग सांगा आक्कांना, एक म्हणून."

"आणि सहा त्या मिशाळाला?"

"मग सांगा सात. ठेवू कसेतरी. रोज पाणी बदलू."

"कसेतरी म्हणजे? पन्नास लिटरमध्ये सात? महिन्याभरात सगळे पोट वर करून तरंगायला लागतील. आणि मग मी आक्काला काय सांगू? मोजायला चुकलो?"

"अहो, मग काय सांगणार आहात? काहीतरी एक सांगा आणि खाली बसा. चार दिवस तुमच्या फेऱ्यांनी माझं डोकं गरगरतंय. बहिणीसाठी एक आकडा इकडचा तिकडे केला तर आभाळ कोसळणार नाही."

"एकदा केलाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय केलंय?"

"काही नाही," मी म्हटलं आणि दूध आणायला गेलो. दूध घरात होतं.

आता ही गोष्ट सांगायला हवी. तेरा वर्षांपूर्वी आक्काची इमारत नवी होती, भावोजी नवे सेक्रेटरी होते आणि लिफ्ट तपासून दाखला द्यायचं काम फिरत फिरत माझ्याकडे आलं. मी मोजमाप केलं. सहा माणसं. दोर, ब्रेक, दरवाजे, सगळं झकास. पण सहा. भावोजी जिन्याच्या तोंडाशी एक पितळी पाटी घेऊन उभे होते. तिच्यावर सुंदर अक्षरात कोरलं होतं: 'क्षमता ८ व्यक्ती'. बांधणाऱ्याने माहितीपत्रकात आठ छापले होते, त्यावरून भावोजींनी आधीच पाटी करून घेतली होती.

"भावोजी, सहा आहेत," मी म्हटलं.

"अहो, पण कोरून झालं ना," भावोजी म्हणाले. "कोरणारा परत घेत नाही. आणि आठ माणसं एकदम चढतात कधी? चौथ्या मजल्यावर आम्ही दोघंच."

युक्तिवाद म्हणून त्याला काही किंमत नव्हती. पण आक्का वर चहा टाकून वाट बघत होती, भावोजी मोठ्या बहिणीचे यजमान होते, आणि पाटीला चकाकी फार छान होती. मी आठ लिहिले. सही केली. नंतरचे तपासनीस दर वर्षी येऊन मागच्या वर्षीचा आकडा उतरवून घेत गेले. त्यांना दोष देत नाही. इतर इमारतींत मीही तेच करायचो.

सही केली आणि मी चहाला वर गेलो तो जिन्याने. उतरलो तोही जिन्याने. तेव्हापासून जिन्यानेच. काही झालं नाही, कधीच काही झालं नाही. भावोजी रोज त्या लिफ्टने जा-ये करायचे आणि शेवटी गेले ते हृदयाने. लिफ्टचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे मी स्वतः डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं आहे.

शनिवारी सकाळी टेप, कागद आणि पाण्याची पातळी खुणावायला आणलेली पांढरी चिकटपट्टी खिशात टाकून मी आक्काकडे निघालो. हिने दारातून विचारलं, "किती सांगणार?" मी म्हटलं, "वर पोहोचेपर्यंत ठरेल."

बहात्तर पायऱ्या. पहिल्या मजल्यावर माझा आकडा एक होता. दुसऱ्यावर मला फुगीची आठवण झाली आणि तो दोन झाला. तिसऱ्यावर जुळ्यांना वेगळं कसं करायचं, म्हणून चार. चौथ्या मजल्यावर मी धापा टाकत बेल दाबली तेव्हा आकडा पाच होता. इमारत आणखी उंच असती तर काही सांगता येत नाही.

दार आक्कानेच उघडलं. घरभर खोकी. ती भिंतीला धरत धरत आत गेली, मी मागून. जेवणाच्या टेबलावर सात मोठ्या बरण्या धुऊन, पुसून, उपड्या मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीला कागद चिकटवला होता. चेअरमन. तांबू. जुळा एक. जुळा दोन. शेवटची बरणी धाकट्याची.

"रविवारी ऐनवेळी धांदल नको," ती टेबलाशी बसत म्हणाली. "बस."

"नको, ठीक आहे."

"बस रे. लहानपणापासून तुझ्या पायांत भोवरा आहे. किती?"

भिंतीत चेअरमन तोंड उघडून माझ्याकडे बघत होता. धाकटा काचेजवळ वरखाली करत होता. मी पाच म्हणायला तोंड उघडलं.

"एक," मी म्हणालो.

"एक काय?"

"एक मासा. तोही इथल्या फिल्टरचा स्पंज ओला नेला तर."

आक्काने धाकट्याची बरणी उचलली, सुलटी केली, परत उपडी ठेवली.

"आणि बाकीचे?"

"दुकानात. पण आक्का, दुकानात एक मोठा मिशाळ..."

"कळलं." तिने हात वर केला. "सांगू नकोस."

"मी सगळीकडून मोजून पाहिलं. आतून, बाहेरून, लांबीने, वजनाने..."

"ह्यांना आठ दिलेस," आक्का म्हणाली.

माझा हात खिशातल्या टेपवर गेला.

"ह्यांनी मागितले तेव्हा मुकाट्याने आठ लिहून दिलेस. बहीण जन्मात एकदा सात मागतेय, तर तुझी टेप बाहेर येते?"

"तुला... भावोजी बोलले तुला?"

"ते कशाला बोलतायत! पाटी रोज ब्रासोने पुसायचे. ती तुझ्या मोजणीआधीच कोरून आली होती, हे मला दिसलं. तू सही केलीस आणि लिफ्ट सोडून जिन्याने वर आलास. स्वतः तपासलेल्या लिफ्टमध्ये तपासनीस चढत नाही म्हटल्यावर काय समजायचं ते मी समजले. सगळी इमारत समजली. तिसऱ्या मजल्यावरची वकिलीणबाई, दुसऱ्यावरचे मास्तर, सगळे जिन्याने जातात. लिफ्टने फक्त गॅसचे सिलिंडर जातात आणि हे जायचे."

मला खाली बसावंसं वाटलं, पण जवळच्या खुर्चीत खोकं होतं.

"म्हणजे तुला कोंडल्यासारखं होतं ते?"

"मला कसलं कोंडल्यासारखं होतंय! मी सहाजणींत एका खोलीत वाढलेली बाई. लोकांना काय सांगायचं? लिफ्ट धोक्याची आहे म्हटलं, तर नवरा खोटा. माझ्या भावाने खोटं लिहिलं म्हटलं, तर भाऊ खोटा. त्यापेक्षा मी खोटी बरी. चढले जिने."

"अगं पण आक्का, धोक्याची नाहीये ती!"

"काय?"

"धोक्याची नाही. सहा माणसांना ठणठणीत आहे. आठ नकोत, एवढंच. सहापर्यंत काही म्हणजे काही नाही."

आक्काने चष्मा काढला. तो काढला की ती लहानपणी मला मारायची.

"म्हणजे मी एकटी गेले असते तर?"

"एकटी काय, चार पाहुणे घेऊन गेली असतीस तरी."

"भाजीची पिशवी घेऊन?"

"भाजीवाल्यालाही घेऊन."

"मग मेल्या," ती उभी राहिली, गुडघ्यांसकट उभी राहिली, "तू तेरा वर्षं जिन्याने कशाला येत होतास?"

याचं उत्तर मला फार वर्षं माहीत होतं, पण ते कोणी विचारलं नव्हतं.

"ती पाटी बघवत नव्हती," मी म्हटलं.

आक्काने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खोक्यांकडे, मग सात बरण्यांकडे. ती मनातल्या मनात पायऱ्या मोजत असावी. तिचा गुणाकार माझ्यापेक्षा पहिल्यापासून चांगला.

"हिला पाटी बघवत नाही म्हणून मी गुडघे घालवले," ती चेअरमनला म्हणाली. रागावली की ती मला बाई करते, ही जुनी खोड. "आणि गुडघे गेले म्हणून घर सोडतेय. आणि घर सोडतेय म्हणून तुला बरणीत घालतेय." चेअरमनने तोंड उघडलं. "तू काही बोलू नकोस. चल रे."

"कुठे?"

"लिफ्टमध्ये."

तिने चपला घातल्या. मी मागोमाग. तिने लिफ्टचं बटण दाबलं; दार उघडलं तेव्हा ती बाजूला झाली.

"आधी तू. तपासनीस ना तू?"

मी आत पाऊल टाकलं. तेरा वर्षांनी. आतला आरसा नवा होता, पंखा जुना. आणि समोर ती पाटी. भावोजी जाऊन वर्ष झालं होतं, तरी ती चकचकीत होती. मी आक्काकडे बघितलं.

"पुसते मी," ती म्हणाली. "जिन्याने जाताना, खाली दार उघडून. त्यांची पाटी आहे."

दार बंद झालं. लिफ्ट खाली निघाली, आवाज न करता, अगदी दाखल्यात लिहिलं होतं तशी. तळमजला आला. आक्काने दार उघडू दिलं नाही. परत चार दाबलं. वर गेलो. तिने शून्य दाबलं. खाली आलो. असं आम्ही तीनदा वरखाली केलं. तिसऱ्या खेपेला ती डोळे मिटून उभी होती आणि पायांचं वजन एकदा या गुडघ्यावर, एकदा त्या गुडघ्यावर घेऊन बघत होती.

"टेम्पोवाल्याला फोन कर," ती डोळे न उघडता म्हणाली. "म्हणावं, उद्या नको. आणि त्या भाडेकरूला सांग, पुस्तकं दुसरीकडे ठेव."

"आणि लेकीला?"

"तिला मी सांगते. तिला काय, माझे गुडघे तळमजल्यावर न्यायचे होते. ते काय, आता रोज नेईन. तिच्याकडे जाईन पाहुणी म्हणून, आठ दिवस. मासे तू येऊन बघायचेस."

"येईन."

"लिफ्टने."

"लिफ्टने."

"मी तुला माफ केलेलं नाही, हे लक्षात ठेव. आज कामाची गडबड आहे म्हणून."

मी खिशातून चिकटपट्टी काढली, एक तुकडा फाडला आणि पितळी आठावर चिकटवला. पेनाने त्याच्यावर मोठा सहा काढला. कायद्याने मला तसा अधिकार राहिलेला नव्हता. पण आठ लिहायचा अधिकार तर नोकरीत असतानाही नव्हता. सोमवारी खात्यात रीतसर अर्ज देतो, असं मी म्हटलं. आक्काने पट्टीचा कोपरा अंगठ्याने दाबून घट्ट केला.

तळमजल्यावर दार उघडलं तर समोर वॉचमन. लिफ्ट कारण नसताना वरखाली का होतेय, हे बघायला तो उठला होता. त्याने आक्काकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या हातातला चहाचा कप तिरका झाला.

"साहेब, तुम्ही? लिफ्टमध्ये?"

"चढ," आक्का म्हणाली.

तो चढला. एवढ्यात भाजी घेऊन मास्तर आले, त्यांच्यामागून मास्तरांची सून. मला आत बघून मास्तरांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवरचं पाऊल मागे घेतलं आणि काही न विचारता, जणू रोजचंच असल्यासारखे, सुनेला घेऊन आत आले. मागोमाग वकिलीणबाई, दोन्ही हातांत पिशव्या.

"चालू झाली का?" त्यांनी विचारलं.

"बंद कधी होती!" आक्का म्हणाली आणि त्यांना आत ओढून घेतलं.

दार लागणार तेवढ्यात वकीलसाहेब धावत आले. अंगाने भरलेले, घामाघूम, खांद्यावर पाण्याचा वीस लिटरचा कॅन. "थांबा, थांबा, मी पण!"

आक्काने हात आडवा घातला. "पुढच्या फेरीला या."

"अहो, जागा आहे की!"

"जागेचा प्रश्न नसतो," आक्का म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पाटीवर बोट ठेवलं. "सहा म्हणजे सहा."

दार लागलं. आम्ही सहाजण खांद्याला खांदा लावून वर निघालो. वॉचमनच्या कपातला चहा हलत नव्हता. वकिलीणबाईंची पिशवी माझ्या पोटाला टेकली होती आणि पाठीमागे आरसा होता. एक पाऊल पुढे नाही, एक मागे नाही. सोमवारपासून मी पहिल्यांदाच एका जागी उभा होतो.